पदवीचे शिक्षण आणि पगारी काम

अभियांत्रिकीच्या शिक्षणाला पगारी कामाची जोड तीन प्रकारे मिळते. पहिल्या प्रकारात विद्यार्थी काही दिवस वर्गात आणि काही दिवस कारखान्यात, असा आलटून-पालटून शिकतो. दुसरा प्रकार इंटर्नशिपचा. त्यात सुट्टीचा काळ किंवा एखादे सत्र उद्योगात जाते. तिसरा शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा. पदवीधरासाठी ती बहुधा पदवीनंतर सुरू होते.

पहिल्या प्रकाराची सुरुवात १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी केली. पहिल्या तुकडीत २७ विद्यार्थी होते. दोघादोघांच्या जोड्या लावल्या जात. एक वर्गात बसे तेव्हा दुसरा कारखान्यात काम करी. मग अदलाबदल होई. त्यामुळे कारखान्यातली जागा रिकामी पडत नसे, विद्यापीठाला सगळी महागडी यंत्रे विकत घ्यावी लागत नसत आणि विद्यार्थ्याच्या हाती मजुरी पडे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रुजवला. तिथे शिक्षणाचा खर्च भागवणे आणि श्रमाला प्रतिष्ठा देणे, हे दोन्ही हेतू होते. अभियांत्रिकीत त्याला तिसरा हेतू जोडला जातो : हातातले काम हाच अभ्यासाचा विषय असतो.

अभ्यास आणि काम यांच्या या जोडीला चंडीगडमध्येही जुनी पार्श्वभूमी आहे. तिथले पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे ‘पेक’, १९२१ मध्ये लाहोरजवळ मुघलपुरा येथे सुरू झाले. मुघलपुरा रेल्वेच्या कार्यशाळांसाठी प्रसिद्ध होते. फाळणीनंतर कॉलेज रुरकीला हलले आणि १९५३ मध्ये चंडीगडला आले. आज शहराच्या आसपासच कामाची विविधता आहे. मोहालीत स्वराज ट्रॅक्टरचा कारखाना आणि सेमीकंडक्टर लॅबोरेटरी आहे, चंडीगडच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर कंपन्या आहेत.

शिकाऊ उमेदवारीला कायद्याचा आधार आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले. या उमेदवारीची उत्तर भारतातील योजना कानपूरच्या प्रादेशिक मंडळाकडून चालते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरवले. उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेखाली या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते.

पैसे मिळाले की जबाबदारी येते. वेळेवर हजेरी, वरिष्ठांना हिशेब, बिघडलेल्या मालाची नोंद या गोष्टी प्रयोगशाळेत फारशा शिकता येत नाहीत. मात्र धोकेही दोन आहेत. काम अभ्यासाशी निगडित नसेल, तर विद्यार्थी स्वस्त मजूर ठरतो. आणि कामाचे तास वाढत गेले, तर पदवीच मागे पडते. मार्गदर्शन करणारा अभियंता आणि लक्ष ठेवणारा प्राध्यापक असे दोघेही असतील, तरच शिक्षण आणि कामाच्या या जोडीचा उपयोग होतो.

म्हणून कंपनीचे नाव पाहण्याआधी विद्यार्थ्याने चार गोष्टी लेखी मागाव्यात : कामाचे स्वरूप, रोजचे तास, विद्यावेतन आणि मार्गदर्शकाचे नाव. महाविद्यालयानेही त्या तपासल्याशिवाय विद्यार्थ्याला पाठवू नये.