डिसेंबरपुरते बांधव



वसईचा इतिहास, १७३९, चिमाजी अप्पा हे सगळं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. विषयपत्रिकेवर ‘ख्रिस्ती समाजजीवन’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. मी बोलणार आहे बातम्यांवर.

माझं म्हणणं एवढंच, की बातमीत आम्हा वसईच्या ख्रिस्त्यांचा धर्म कधी सांगतात आणि कधी गाळतात, ते पाहा. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात आमची माणसं पाण्यासाठी, वाड्या वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा आम्ही ‘ग्रामस्थ’. नाताळात केक कापला की ‘ख्रिस्ती बांधव’. वाद झाला की ‘मिशनरी’. माणसं तीच, चर्चही तेच!

त्या आंदोलनाचे नेते होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते निवडले गेले, तेव्हा त्या निवडीवरून गदारोळ झाला. नंदाखालला जन्मलेला माणूस, वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ मासिक मराठीत चालवलेलं, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि चर्चा कशाची, तर झग्याची. पुढच्या रांगेतल्या पत्रकार मित्रांनी रागावू नये. तुमच्यापैकी अनेकांनी चांगलंही लिहिलं. तरी मान हलवताय ती कशाला, ते कळू दे! (हशा)

वरवर पाहून माणूस ठरवण्यावरून आठवलं. फेसबुकवर बागकामाचा एक ग्रुप आहे. तिथे जालन्याच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, तुमची ती वाळवलेली केळी, सुकेळी, कशी करतात? मी सविस्तर लिहिलं: राजेळी केळी पुरती पिकू द्यायची, सोलून उन्हात मांडायची, रात्री दव पडायच्या आत घरात घ्यायची, उलटत राहायची, मधाच्या रंगावर आली की केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधायची. त्यांचं उत्तर आलं, “सर, तुम्ही गोव्याचे असून मराठी फार छान लिहिता.” (हशा) आडनाव पाहिलं, गाव ठरवून टाकलं. मी त्यांना सुकेळीचं पार्सल पाठवलं. त्यांनी मोसंब्यांची पेटी पाठवली. मैत्री जमली. मे महिन्यात ते सहकुटुंब आमच्याकडे लग्नाला आले. आमच्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या बायकांची लाल लुगडी बघून त्यांच्या सौ. म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्याकडचंच!”

पण माणूस खट. परतल्यावर त्यांनी आमच्याच लग्नाचा, मी लिहून त्यांना धाडलेला वृत्तान्त मला वाचून दाखवला: ‘सोहळ्यास हिंदू बांधवांनीही आवर्जून हजेरी लावली.’ म्हणाले, “सर, आम्ही तुमचे डिसेंबरपुरते झालो की.” मी म्हटलं, ते आदरानं लिहिलंय. ते म्हणाले, पेपरवालेही हेच म्हणतात. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मी काही माघार घेणार नाही. एका कुटुंबाचा वृत्तान्त पन्नास लोक वाचतात, पेपर लाखो. फरक आहे!

चिठ्ठी आली. अध्यक्ष, पाच मिनिटं म्हणताय की पाचच शब्द? (हशा) तरुण मुलांच्या ऑनलाइन मैत्रीवर जे सांगायचं होतं ते राहिलं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वार्ताहरांना एकच विनंती. उद्याच्या बातमीत माझी ओळख ‘निवृत्त शिक्षक’ एवढीच द्या. ‘ख्रिस्ती विचारवंत’ नको. विचारवंत तर मुळीच नको. (हशा, टाळ्या) प्रश्न असतील तर विचारा.