पाना आपल्या हाती
(नातेपुते येथील मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, संस्थेच्या गाडीचे पुढचे ब्रेकपॅड आम्हीच बदलले. सकाळी शिंगणापूरला निघताना, अंगणातच, स्टिअरिंग वळवताच 'खट्' वाजलं.

"बायकांनी पाना धरला की असंच!" कुणीतरी म्हणालं.

आम्ही चाकांना दगड लावले, जॅकने गाडी उचलून खाली घोडी ठेवली. चाक वर-खाली, मग आडवं हलवून पाहिलं; बॉल जॉइंट, टाय रॉड ठीक होते. चाक काढलं, तर कॅलिपरचा एक बोल्ट बोटांनी फिरला! घाटात तो निसटला असता तर?

चूक आमचीच, पण घाईची, बाईपणाची नव्हे. आता एकीने बोल्ट आवळायचा, दुसरीने टॉर्क पान्याने तपासायचा. पाना मात्र खाली ठेवायचा नाही.