समुद्रातली पांदण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी मुंबईच्या वरळी कोळीवाड्याविषयी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची इच्छा आहे. समुद्र कुठे आणि आपली इंझोरी कुठे, असे कुणाच्याही मनात येईल. पण आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जाई, त्यांतल्या काही वरळीतच होत्या. तेव्हा हे गाव आपल्याला अगदीच परके नाही.

मुंबई मुळात सात बेटांची. वरळी त्यांतलेच एक. १७८४ च्या सुमारास खाडीवर बांध घालून ते मुंबईला जोडले गेले. पुढे भोवती शहर वाढले, उंच इमारती आल्या. पण टोकाला इंग्रजांच्या वेळचा लहानसा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी कोळ्यांची वस्ती टिकून आहे. टेकडीवर गोलफादेवी आहे. महत्त्वाचे कार्य काढण्यापूर्वी भाविक तिला कौल लावतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात.

मला तिथल्या बायकांचे कौतुक वाटते. पुरुषांनी मासळी आणावी आणि बायकांनी ती बाजारात विकावी, अशी रीत आहे. भाव ठरवणारी तीच, पैसा मोजून घेणारीही तीच. आपण वावरात दिवसभर राबतो, पण कापसाची पट्टी कितीजणींच्या हाती येते?

अलीकडे या गावावर मोठा प्रसंग आला. सागरी किनारा रस्त्याचा पूल नेमका त्यांच्या होड्यांच्या वाटेवर आला. दोन खांबांमध्ये ६० मीटरच अंतर राहणार होते. वाऱ्यापाण्यात होडी खांबावर आदळण्याचे भय! बहिणींनो, आपल्या वावराची पांदण कुणी बुजवली तर वावर असून नसल्यासारखेच होते ना? तीच गत इथे होती.

कोळ्यांनी काम रोखून धरले, पुन्हा पुन्हा गाऱ्हाणे मांडले. अखेर २०२२ साली मधला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. मागणी याहून मोठी होती. पण वाट राहिली. २०२५ च्या जानेवारीत रस्ता पुलापर्यंत पुरा झाला.

रस्ते हवेतच. पण ते आखताना त्या वाटेने रोज जाणाऱ्याला आधी विचारावे, आणि न विचारल्यास आपण एकजुटीने सांगावे. ग्रामसभेत मागे बसून पदर सावरणे आता पुरे. पुढच्या सभेला आपण सगळ्याजणी जाऊ, एवढी विनंती करते आणि माझे भाषण संपवते.