पदवीचा जमाखर्च



रुग्णसेवा हे पुण्यकर्म होय. परंतु त्या सेवेच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज हा व्यवहार आहे. म्हणून प्रवेशापूर्वीच त्याचा जमाखर्च मांडणे अगत्याचे ठरते.

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम ४ वर्षांचा आहे. समजा, एका कन्येसाठी प्रतिवर्षी दीड लाख याप्रमाणे ६ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार शिक्षणकाळ व त्यापुढील १ वर्ष हप्त्याची सक्ती नसते; व्याज मात्र थांबत नाही. दर वर्षाच्या आरंभी रक्कम उचलल्यास सरळव्याजानेच २,१०,००० रुपये साचतात. फेड सुरू होताना कर्ज ८,१०,००० रुपयांचे होते आणि १० वर्षांच्या मुदतीचा मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो. पहिला पगार २०,००० असल्यास निम्म्याहून अधिक रक्कम त्यातच जाते.

घरच्यांनी हे व्याज दरमहा भरत राहावे. पहिल्या वर्षी ते १,२५० व चौथ्या वर्षी ५,००० रुपये असेल. पुढे हप्ता मात्र सुमारे ७,९०० वर येईल.

माहितीपत्रकातील सर्वोच्च पगारावर पालकांनी विसंबू नये. गतवर्षी उत्तीर्ण झालेल्यांच्या हाती काय पडते, ते विचारावे. शासकीय महाविद्यालय व शिष्यवृत्ती यांचा शोध प्रथम, कर्ज त्यानंतर.

कर्ज घेण्यात कमीपणा नाही. हिशेब न करता घेण्यात धोका आहे. कन्येच्या हाती पदवी येईल, तेव्हा तिच्या कमाईवर तिचाही हक्क उरला पाहिजे.