सिक्लिड मासे आणि त्यांचें पाणी

दिवाणखान्यांत काचेची पेटी मांडून तींत रंगीत मासे पाळण्याची हौस आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कारखान्यांच्या आश्रयानें वाढलेल्या वाळूजसारख्या ठिकाणींही ती कोणा कोणा घरीं दिसते. परंतु पेटी विकत आणणें जितकें सोपें, तितकें तिच्यांतील जीव जगविणें सोपें नाहीं. त्यांतून मासे सिक्लिड कुळांतील असले, तर थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, कीं मासे भांडतात, एकमेकांचे पर कुरतडतात आणि एखादे दिवशीं सकाळीं त्यांतला एक मेलेला आढळतो. दोष अर्थातच माशांच्या स्वभावावर जातो. वस्तुतः पुष्कळदां तो पाण्याचा अथवा जागेचा असतो. आणि नीट पाहणाराला तो वेळींच ओळखतां येतो.

सिक्लिडांचें कूळ मोठें विस्तृत आहे. आफ्रिकेंतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या सरोवरांत त्यांच्या शेंकडों जाती नांदतात. एंजल, डिस्कस व ऑस्कर हे दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचे रहिवासी. आपल्या देशांत या कुळाच्या मूळच्या तीनच जाती असून, गोमंतकांत आवडीनें खाल्ला जाणारा काळुंदर हा त्यांपैकींच एक होय. इतक्या निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या माशांना एकच पाणी कसें मानवेल? वाळूजच्या भोंवतालची भूमि काळ्या अग्निजन्य खडकाची आहे. अशा खडकांतील कूपनलिकांचें पाणी, त्यांत विरलेल्या चुन्यामुळें व मॅग्नेशियममुळें, बहुधा जड असतें. मलावी सरोवरांतील माशांना असेंच पाणी लागतें; डिस्कसला मात्र मऊ व किंचित् आम्ल पाणी हवें. म्हणून शेजाऱ्याची पेटी पाहून मासा निवडण्यापेक्षां घरचें पाणी पाहून तो निवडावा, हें शहाणपणाचें.

पाणी स्वच्छ दिसलें म्हणजे तें शुद्ध असतें असें नव्हे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेलें खाणें कुजल्यानें पाण्यांत अमोनिया उतरतो. सूक्ष्म जंतूंचा एक वर्ग त्याचें नायट्राइट बनवितो व दुसरा नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना विषासमान, तिसरा पुष्कळच सौम्य. हे उपकारक जंतु गाळणीच्या स्पंजांत व तळच्या वाळूंत वस्ती करतात. ती वस्ती जमण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. नवी पेटी भरून दुसऱ्याच दिवशीं डझनभर मासे सोडणारे गृहस्थ हा अवधि माशांना देत नाहींत. जड पाण्याच्या पेटींत तर अधिकच जपलें पाहिजे. कारण पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, कीं अमोनियाचा विषारी अंश सुमारें दहापट होतो. स्पंज नळाखालीं धुतल्यास क्लोरीननें हे जंतु मरतात. तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलक्या हातानें पिळावा.

३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे तीन-चार बादल्या, दर आठवड्यास बदलाव्या. नळाचें पाणी आदल्या दिवशीं उघड्या बादलींत भरून ठेवावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन बव्हंशीं उडून जातो. मराठवाड्यांत, जेथें नळ रोज येत नाहीं तेथें, माशांसाठीं इतकें पाणी खर्चावें काय, असा प्रश्न गृहिणीनें विचारला तर तो योग्यच आहे. त्याचें उत्तर असें, कीं काढलेलें पाणी सांडून देण्याचें नव्हे. त्यांतील नायट्रेट हें झाडांचें खत आहे. तुळशीला व कुंड्यांना तें घालावें. मासे मोजके ठेवावे आणि दोन मिनिटांत संपेल इतकेंच खाणें घालावें, म्हणजे पाणीही सावकाश बिघडतें.

आतां माशांच्या वागणुकीकडे वळूं. येथें एक साधा नियम उपयोगी पडतो. सर्वच मासे एकदम बदलले, तर आधीं पाणी तपासावें; एकटादुकटा बदलला, तर आधीं त्याचा शेजार पाहावा. सगळे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागले, तर प्राणवायु कमी पडला आहे अथवा विष वाढलें आहे. २० अंश उष्णमानाच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर तो साडेसातच. वैशाखांतल्या दुपारीं वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, कीं ही उणीव तत्काळ जाणवते. अशा वेळीं तांब्यानें पेटींतलेंच पाणी उंचावरून पुनःपुन्हा ओतावें.

उलट, एकच मासा कोपऱ्यांत दडून बसला आणि त्याचे पर फाटलेले दिसले, तर तो भाऊबंदकीचा प्रकार समजावा. सिक्लिड नर आपली हद्द ठरवितो व ती राखतो. दगड अशा रीतीनें रचावे, कीं एकाच्या दृष्टीस दुसरा सतत पडूं नये. नवा मासा सोडतांना सारी रचना बदलावी, म्हणजे जुने हक्क विसरले जातात. मलावीच्या कित्येक जातींची मादी मात्र अंडीं व पिलें सुमारें तीन आठवडे तोंडांत सांभाळते व त्या काळांत बहुधा अन्न घेत नाहीं. तिचा गळा फुगलेला दिसतो. तिला आजारी समजून पेटींत औषध ओतणें म्हणजे बाळंतिणीचा छळच होय.

पिलें फार झालीं म्हणजे तीं विहिरींत किंवा धरणांत सोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. टिलापिया हाही सिक्लिडच. त्याची एक आफ्रिकी जात १९५२ सालीं भारतांत आणली गेली. पुढें हें कूळ इतकें फैलावलें, कीं भीमेवरील उजनीच्या जलाशयांत आज चिलापी या नांवानें तेंच जाळ्यांत भरून येतें आणि मूळच्या माशांना जागा उरत नाहीं. वाळूजच्या कारखान्यांना पाणी पुरविणारें पैठणचें नाथसागर जवळच आहे. घरचे जास्त झालेले मासे दुकानदारास परत द्यावे, किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावे; आणि देतांना त्यांना कोणतें पाणी मानवतें, हेंही सांगावें.