चला मैफलीला



संसार आणि नोकरी यांत आमचे मैफलीला जाणे तीस वर्षे राहून गेले. पेन्शनीत निघालो, मुले परगावी गेली, घर मुके झाले. मग शेजाऱ्यांबरोबर दिवाळी पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकातल्या पिंपळपारावर गेलो. समोर बुवा गात होते. लोकांनी ‘वा!’ म्हटले की त्यांचा आवाज आणखी खुलायचा. रेडिओला आपली दाद कळत नाही, गाणाऱ्याला कळते. तिथे आपण नुसते ऐकत नाही, गाण्याला हातभार लावतो.

पूर्वी असले गाणे बहुधा राजेरजवाड्यांकडे असे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते सामान्य माणसापर्यंत आणले. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली होती. तरी त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे ते आपल्या नाशकात येऊन राहिले.

तेव्हा मंडळी, ‘आता वय झालं’ म्हणून घरात बसू नका. राग ओळखता येत नाही? न येवो! कानटोपी घाला, शेजाऱ्याला हाक मारा आणि चला. गाणे संपेल, पण परतताना बोलायला माणूस भेटलेला असेल.