कामाचे तास आणि घराचे तास
(वार्षिक पारितोषिक समारंभात केलेले भाषण)



आज बक्षिसे मिळविणाऱ्या मुलामुलींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. यांपैकी अनेकजण थोड्याच वर्षांत नोकरीला लागतील. नोकरी कशी मिळवावी याविषयी आपण वर्षभर ऐकत असतो. ती मिळाल्यावर काम चांगले कसे व्हावे, आणि ते करताना प्रकृती व घरदार कसे सांभाळावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपल्या घरांतून एक वाक्य मोठ्या अभिमानाने बोलले जाते, "आमचा मुलगा चौदा-चौदा तास राबतो." कष्टाचा अभिमान योग्यच आहे. परंतु जास्त तास म्हणजे जास्त काम, हा हिशेब बरोबर आहे काय? पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना फार तास राबविले जाई. त्यांच्या आरोग्याच्या पाहणीसाठी सरकारने 1915 साली समिती नेमली. त्या काळच्या नोंदी पुन्हा तपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅवेल यांनी 2014 साली दाखवून दिले की, आठवड्याला सुमारे 50 तासांच्या पुढे तास वाढले तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढत नव्हते. 70 तासांचे उत्पादन 56 तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नव्हते. म्हणजे वरचे 14 तास शरीर झिजले, पण पदरात जवळजवळ काहीच पडले नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997 साली असे दाखविले की, सलग 17 तास जागा असलेला माणूस कामात तितकाच चुकतो, जितका रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेला माणूस चुकतो. आपण आयुष्यात मद्याला शिवत नाही. पण पहाटे उठून रात्री उशिरा मोटार चालविणारा किंवा यंत्रापाशी उभा राहणारा आपला मुलगा त्याच अवस्थेत असतो, हे आपल्या ध्यानी येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, 2016 या एका वर्षात अतिरिक्त तासांच्या कामामुळे जगात सुमारे 7 लाख 45 हजार माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने दगावली. आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यास पक्षाघाताचा धोका, 35 ते 40 तास काम करणाऱ्यापेक्षा सुमारे 35 टक्के जास्त असतो.

आठवड्याची सुट्टी आपल्याला सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून अनेक वर्षे झगडा दिला, तेव्हा 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि जादा कामास दुप्पट मजुरी ठरविली. त्या काळी गिरणीचा भोंगा वाजला की काम संपे. आज फोनमुळे काम माणसाच्या पाठोपाठ घरी येते. जेवताना साहेबांचा निरोप, रात्री अकराला गटावर सूचना, सुट्टीच्या दिवशी "जरा एवढे पाहून द्या."

फोन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आखातात नोकरीला असलेला बाप आज रोज आपल्या लेकराचा चेहरा पाहतो. पूर्वी त्याला पत्राची वाट पाहावी लागे. पण याच वस्तूचे धोकेही ओळखले पाहिजेत. अमेरिकेत 2015 साली झालेल्या एका प्रयोगात आढळले की, फोन हाती न घेता नुसता त्याचा आवाज ऐकला तरी कामावरचे लक्ष उडते आणि चुका वाढतात. अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हेच लागू आहे. दुसरा धोका फसवणुकीचा. बँक, कचेरी आणि घर एकाच फोनमध्ये आले आहे. थकलेला माणूस साहेबांच्या नावाने आलेला खोटा निरोप खरा मानतो आणि पैसे पाठवून बसतो. असे घडल्यास लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा.

येथे एक प्रश्न रास्तपणे विचारला जाईल. भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत मीटरच्या हिशेबाने मजुरी घेतो. त्याने तास कमी केले तर चूल कशी पेटेल? हा प्रश्न खरा आहे. केवळ "विश्रांती घ्या" असा उपदेश त्याला करणे म्हणजे त्याची थट्टा होईल. म्हणून मला या सभागृहातील मालक मंडळींशीही बोलायचे आहे. आपल्यातच कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, गॅरेजवाले आहेत. आपल्या हाताखालचा मुलगाही कोणाचा तरी मुलगा आहे. त्याला आठवड्याची सुट्टी द्या, दर पोटापुरता ठेवा, रात्री त्याला फोन करू नका. फ्रान्सने 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलाच्या पगाराबरोबर त्याच्या झोपेचीही चौकशी करा. नोकरी करून घरी आलेल्या मुलीवर किंवा सुनेवर घरकामाची दुसरी पाळी एकटीने लादू नका, मुलग्यांनाही हातभार लावायला शिकवा. रात्रीच्या जेवणाला सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या, आणि त्याची सुरुवात वडिलांनी करावी.

विद्यार्थी मित्रांनो, नेमणुकीचा कागद हाती आला की पगाराच्या आकड्याबरोबर कामाचे तास, सुट्टी आणि जादा कामाचा मोबदला हेही वाचा. न समजल्यास अदबीने विचारा, विचारण्यात उद्धटपणा नाही. कामाच्या वेळेत मात्र काम मन लावून, पूर्ण करा. जो वेळेत चोख काम करतो, त्यालाच वेळ संपल्यावर उठण्याचा हक्क ताठ मानेने सांगता येतो.